सरफोजीराजांचे छंद

१८२६ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर दौऱ्यावर असतां तंजावरास पोहोंचले. ईस्टरचा सण त्यांनीं तेथेंच केला, आणि तो आटोपल्यावर ते राजवाड्यांत राजांच्या भेटीस गेले. हेबर स्वतः कवि, ऑक्सफर्डांत नांव कमावलेले पंडित. हिंदी राजेरजवाड्यांच्या भेटी त्यांना नव्या नव्हत्या. हार, अत्तर, पानसुपारी आणि दुभाष्याच्या तोंडून चाललेलीं चार औपचारिक वाक्यें, यापलीकडे या भेटीपासून त्यांची कांहीं अपेक्षा असण्याचें कारण नव्हतें. परंतु समोर बसलेला पन्नाशीच्या आंतबाहेरचा तो मराठा राजा त्यांच्याशीं थेट इंग्रजींत बोलूं लागला. बोलण्यांत फूर्क्रुआ व लाव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचीं मतें आलीं, लिनियसचें वनस्पतींचें वर्गीकरण आलें, ब्यूफाँचा प्राणिविचार आला, आणि शेक्सपियरच्या काव्याच्या बऱ्यावाईटाची चिकित्साही झाली. हेबर चकित झाले. हा राजा इंग्रजींत बरी कविता करतो, घोड्याची पारख करण्यांत पलटणीचे अधिकारीही त्याला मानतात, आणि वाघासमोर त्याचा नेम चुकत नाहीं, असें त्यांनीं आपल्या पत्रांत मोठ्या कौतुकानें लिहून ठेवलें आहे. पुढें आठवडाभरांतच, ३ एप्रिल रोजीं, त्रिचनापल्लीस स्नान करीत असतां हेबरांना अकस्मात् मृत्यु आला. त्यामुळें तंजावरच्या राजाचें हें वर्णन त्यांच्या अगदीं शेवटच्या लिखाणापैकीं ठरलें.

हे राजे म्हणजे व्यंकोजीराजांच्या गादीवरील दुसरे सरफोजी. थोरल्या शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं कावेरीकांठीं मराठ्यांची जी गादी स्थापिली, तिला सरफोजींच्या वेळीं सव्वाशें वर्षें होऊन गेलीं होतीं. मात्र गादी होती, राज्य नव्हतें. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वयें तंजावर प्रांताचा सर्व कारभार कंपनी सरकारानें आपल्या हातीं घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख. उदरनिर्वाहासाठीं वर्षाला एक लक्ष होन आणि प्रांताच्या निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा ठरला. म्हणजे मान होता, पैसा होता, आणि रिकामा वेळ तर अमाप होता. ज्या माणसाला लढाई करावयाची नाहीं, न्याय करावयाचा नाहीं, सारा वसूल करावयाचा नाहीं, त्यानें उभें आयुष्य करावें काय? सरफोजीराजांच्या चरित्राचें मर्म या प्रश्नांत आहे.

त्यांचा जन्म १७७७ सालीं भोसल्यांच्याच कुळांत झाला. तंजावरच्या तुळजाजीराजांना औरस पुत्र उरला नव्हता. म्हणून त्यांनीं १७८७ च्या जानेवारींत या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलें. त्याच वर्षीं ते वारले. मरणापूर्वीं त्यांनीं मुलाचा हात ज्याच्या हातीं द्यावयाचें मनांत आणलें, तो होता श्वार्ट्झ नांवाचा एक जर्मन पाद्री. फ्रीडरिख श्वार्ट्झ हा १७५० सालीं हिंदुस्थानांत आला आणि परत गेला नाहीं. त्याला तमिळ येत असे, फारसी व मराठी येत असे. हैदरअल्लीकडे बोलणें करावयास इंग्रजांनीं १७७९ सालीं यालाच पाठविलें होतें. एका मराठा राजानें आपला वारस ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या ओटींत घालावा ही गोष्ट त्या काळींही विलक्षणच वाटली असेल. श्वार्ट्झनें एकट्यानें ती जोखीम घेण्याचें नाकारलें, आणि तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंग यास मुलाचा पालक व कारभारी करावें असा सल्ला दिला. सल्ला सद्धेतूनें दिलेला होता. पण त्याचें फळ मात्र वाईट आलें. दत्तकविधान अशास्त्र आहे असा पंडितांचा निर्णय मिळवून अमरसिंग स्वतःच गादीवर बसला, आणि कंपनीनेंही त्यास मान्यता दिली.

मग त्या मुलाचे हाल सुरू झाले. राजवाड्यांतील एका कोंदट, अंधाऱ्या जागेंत त्याला जवळजवळ कैद्यासारखें ठेवण्यांत आलें. शिक्षण नाहीं, मोकळी हवा नाहीं, बरोबरीचीं मुलें नाहींत. पुढें ज्याच्या संग्रहांत हजारों ग्रंथ आले, त्याच्या हातीं त्या वयांत धड एक पुस्तकही पडूं दिलें जात नव्हतें. श्वार्ट्झनें आपल्या चुकीची भरपाई करावयास कमरा कसल्या. मद्रासकडे, कलकत्त्याकडे तो पत्रामागून पत्र पाठवीत राहिला. अखेर १७९३ सालीं मुलगा व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें सोळा वर्षांच्या सरफोजीची पहिली रीतसर शाळा सुरू झाली. श्वार्ट्झचा सहकारी गेरिके त्याला इंग्रजी शिकवी. दत्तकाचा प्रश्न पुन्हां पंडितांपुढें गेला, आणि या खेपेस विधान शास्त्रशुद्ध ठरलें. २९ जून १७९८ रोजीं सरफोजीराजे गादीवर बसले. श्वार्ट्झ त्या समारंभास हजर नव्हता. त्याच वर्षीं फेब्रुवारींत तो तंजावरासच वारला होता.

या पाद्र्याचें ऋण राजांनीं उभ्या जन्मांत विसरलें नाहीं. इंग्लंडांतील प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनीं संगमरवरी शिल्प करवून घेतलें आणि तंजावरच्या किल्ल्यांतील प्रार्थनामंदिरांत बसविलें. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडला आहे, आणि राजे त्याचा हात हातांत धरून उभे आहेत, असा तो प्रसंग आहे. त्याखालच्या इंग्रजी ओळी स्वतः राजांनीं रचल्या असें सांगतात. आणि तरीही राजे ख्रिस्ती झाले नाहींत. बृहदीश्वराची पूजाअर्चा, ब्राह्मणभोजनें, काशीयात्रा, यांत त्यांनीं रतिमात्र खंड पडूं दिला नाहीं. मिशनऱ्यांना याचा विषाद वाटे, सनातन्यांना श्वार्ट्झवरील प्रेमाचा संशय येई. राजांना स्वतःला या दोहोंत कांहीं विरोध भासला असेल असें मात्र दिसत नाहीं. पुढें त्यांच्या छंदांतही हाच स्वभाव दिसून येतो: नवें घ्यावयाचें तें मनापासून घ्यावें, पण त्यासाठीं जुनें उंबऱ्याबाहेर टाकूं नये.

आपल्याकडे अशा माणसांविषयीं फारसें चांगलें मत नसतें. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी म्हणच आहे. एका विद्येंत आयुष्य घालविणारा तो विद्वान, आणि दहा विद्यांच्या दारांत डोकावणारा तो हौशी, अशी आपली वांटणी ठरलेली असते. सरफोजीराजांच्या वांट्याला ही टीका कांहीं थोडी आली नाहीं. पेन्शनीच्या पैशांवर चाललेली श्रीमंती करमणूक, एवढेंच कांहीं जण त्यांत पाहतात. या आक्षेपाला बाजूस सारून चालणार नाहीं. त्यासाठीं त्यांनीं केलें काय, तें जरा जवळ जाऊन पाहावें लागतें.

प्रथम ग्रंथसंग्रह. तंजावरच्या वाड्यांतील सरस्वतीभांडार नायक राजांच्या वेळेपासूनचें. मराठा राजांनीं त्यांत भर घातली होतीच. पण त्याला आजचें रूप आलें तें सरफोजींमुळें. १८२० सालीं ते काशीयात्रेस निघाले. हजारों माणसांचा लवाजमा, जवळजवळ दोन वर्षांचा प्रवास, मुक्कामोमुक्कामीं दानधर्म. हें सर्व राजाच्या यात्रेस साजेसेंच होतें. परंतु या यात्रेकरूची नजर गंगाजलाप्रमाणेंच पोथ्यांवरही होती. ठिकठिकाणच्या पंडितांकडून हस्तलिखितें विकत घेतलीं जात, आणि जीं विकत मिळत नसत त्यांच्या नकला करविल्या जात. काशीच्या घाटांचीं रंगीत चित्रेंही त्यांनीं काढवून घेतलीं. तीं आजही पाहावयास मिळतात. घरीं परत आल्यावर गंगेचें पाणी संपलें असेल, पण पोथ्या राहिल्या. या संग्रहांत आज संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगु मिळून चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितें आहेत. त्यांत मराठी सुमारें तीन हजार. सर्वांत मोठा भाग अर्थातच संस्कृताचा. १८८० सालीं बर्नेल नांवाच्या इंग्रज न्यायाधीशानें त्या संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूचि लंडनांत छापली, तेव्हां युरोपांतील पंडितांना या भांडाराची खरी ओळख पटली.

पोथ्यांच्या शेजारच्या कपाटांत छापील पुस्तकें आहेत, आणि राजांचा स्वभाव समजावयास तीं अधिक उपयोगीं पडतात. तंजावरचा पूर्वीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन विलायतेस परतल्यावर तेथून राजांसाठीं पुस्तकें व उपकरणें धाडीत असे. जॉन्सनचा इंग्रजी कोश आहे, लाव्हाझियेचा रसायनशास्त्रावरील फ्रेंच ग्रंथ आहे, शारीरविद्येचीं, वनस्पतींचीं, नौकानयनाचीं पुस्तकें आहेत. शार्ल ल ब्रुन या फ्रेंच चित्रकारानें माणसांच्या व पशूंच्या मुद्रांमधील साम्य दाखविणारीं चित्रें काढलीं होतीं. तींही राजांनीं मिळविलीं. कित्येक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. ग्रंथ विकत घेऊन कपाटांत लावणारे धनिक पुष्कळ असतात. हेबरांशीं झालेल्या संभाषणावरून मात्र दिसतें कीं, हा धनिक तीं उघडीत असे.

आतां वैद्यक. राजवाड्याच्या परिसरांत धन्वंतरी महाल नांवाची संस्था त्यांनीं चालविली. आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ सिद्ध परंपरेचे वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांना त्यांनीं एका छपराखालीं आणलें. औषधें तयार करावयाचीं, रोग्यांवर त्यांचा गुण पाहावयाचा, आणि जें उतरेल तें लिहून ठेवावयाचें, असा तेथील क्रम असे. गुण आलेले उपाय तमिळ पद्यांत गुंफून त्यांचे संग्रह करविले. शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नांवानें ते पुढें प्रसिद्ध झाले. शरभेंद्र हें सरफोजींचेंच संस्कृत रूप. उपाय पद्यांत कां, असें आजच्या वाचकाला वाटेल. कारण उघड आहे: खेड्यांतील वैद्य पद्य पाठ करतो, आणि पाठ केलेलें औषध पोथी नसतांही गांवोगांव जातें. पुस्तकी राजाला ही व्यवहारी गोष्ट सुचली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

परंतु वैद्यकाच्या या प्रकरणांतील सर्वांत विलक्षण कागद निराळेच आहेत. १८२७ व त्यापुढील काळांत तंजावरास डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार व शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील ४४ रोग्यांचे वृत्तांत सरस्वतीमहालांत सांपडले आहेत. कांहीं मजकूर मोडींत, कांहीं इंग्रजींत. रोग कोणता, काय केलें, पुढें काय झालें, हें तर लिहिलेलें आहेच. पण त्याबरोबर रोग्याच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें आहेत. दरबारच्या चित्रकारांनीं तोंवर देवादिकांचे कमलनयन रंगविले होते; आतां त्याच कुंचल्यांनीं गढूळ झालेलीं बुबुळें आणि लाल झालेल्या पापण्या हुबेहूब उतरविल्या. मॅकबीन नांवाचे डॉक्टर या कामीं होते. शस्त्र राजांनीं स्वतः चालविलें कीं त्यांच्या देखरेखीखालीं इतरांनीं, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. कौतुकाच्या भरांत राजांनाच नेत्रवैद्य ठरविणारेही आहेत. त्या वादानें फारसें बिघडत नाहीं. छायाचित्र ही वस्तु जगाला ठाऊक होण्यापूर्वीं एका मराठी दरबारांत रोग्याचा डोळा काढून ठेवावा, त्याखालीं टिपण लिहावें, आणि ते कागद सांभाळून बांधावेत, ही बुद्धि ज्याला झाली, त्याला नुसता हौशी म्हणतांना जीभ अडखळते.

छापखान्याची हकीकत निराळी, आणि मराठी वाचकाला ती थोडी चुटपुट लावणारी आहे. १८०५ च्या सुमारास राजांनीं देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. नांव ठेवलें नवविद्याकलानिधिशाळा. दक्षिणेंत देवनागरींत छापण्याचा हा पहिलाच उद्योग. तिकडे बंगाल्यांत श्रीरामपुरास विल्यम कॅरे मराठी व्याकरण छापीत होता तेच हे दिवस. तंजावरच्या छापखान्यांतून १८०६ सालीं बाळबोध मुक्तावली हें पुस्तक निघालें. तें इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर होतें. मुलांसाठीं छापलेलें मराठी पुस्तक, आणि तें पुण्यांत नव्हे, मुंबईंत नव्हे, तर कावेरीच्या कांठीं! त्या वेळीं पुण्यांत दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, आणि छापखाना ही वस्तु शनिवारवाड्याच्या स्वप्नांतही नव्हती.

पण हें पुस्तक महाराष्ट्रांत रुजलें नाहीं. बावीस वर्षांनीं, १८२८ सालीं, मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इसापाच्या गोष्टी पुन्हां मराठींत आणल्या, आणि महाराष्ट्राच्या शाळांतून ज्या वाचल्या गेल्या त्या या. तंजावरची पहिली पायवाट तोंवर बुजून गेली होती. याला अंतर कारण होतें, तंजावरी मराठीचें वेगळें वळणही कारण होतें. परंतु राजांचाही कांहीं दोष पदरांत घातला पाहिजे. छापखाना त्यांनीं दरबाराच्या शाळांसाठीं व पंडितांसाठीं चालविला. पुस्तक विकत घेणारा वाचक कोठें आहे, याचा शोध त्यांनीं घेतला नाहीं. मन एका नव्या विषयाकडे वळलें कीं जुन्याचा पाठपुरावा सैल पडतो, हा बहुछंदी माणसाचा ठरलेला दोष. तो येथें स्पष्ट दिसतो.

गाण्यानाचण्याच्या क्षेत्रांत मात्र असें झालें नाहीं, कारण तेथील माती शेंकडों वर्षें नांगरलेली होती. सरफोजींच्या पूर्वजांपैकीं शहाजीराजांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस तेलुगु यक्षगानें लिहिलीं, आणि लक्ष्मीनारायणकल्याण हें मराठी नाटकही रचलें. सरफोजींनीं त्या वाड्यांत पाश्चात्य वाद्यांचा ताफा आणला, आणि इंग्रजी पद्धतीच्या स्वरलेखनाचे प्रयोगही करविले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधु या दरबारच्या छायेंत वाढले. आज ज्याला भरतनाट्यम् म्हणतात त्याच्या कार्यक्रमाचा क्रम, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, या चौघांनीं बांधून दिला. विलायती फिडल दक्षिणी गायनाच्या साथीला बसविणाऱ्यांत वडिवेलु हा एक. पुढें तो त्रावणकोरच्या स्वाति तिरुनाळ महाराजांकडे गेला, आणि तेथें त्याला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस मिळालें. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर व श्यामा शास्त्री हेही याच काळांत याच कावेरीखोऱ्यांत होऊन गेले. त्यागराजांनीं मात्र राजाचें द्रव्य नको म्हणून दरबाराचें आमंत्रण परत केलें, अशी आख्यायिका आहे.

राजे स्वतः मराठींत नृत्यप्रबंध रचीत. कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस या नांवानें त्यांचा एक संग्रह सरस्वतीमहालानें प्रसिद्ध केला आहे. पण त्यांच्या मनाचा आरसा पाहावयाचा तर देवेंद्र कोरवंजी हें नाटक पाहावें. कोरवंजी म्हणजे डोंगरांत राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी बाई. तमिळ देशांत तिच्यावर नाटकें रचण्याची जुनी चाल आहे: विरहिणी नायिकेकडे ती येते, आपल्या डोंगरांचें व हिंडल्या मुलुखांचें वर्णन करते, आणि प्रियकर भेटेल असें सांगते. सरफोजींनीं हाच सांचा उचलला. त्यांची कोरवंजी स्वर्गांत इंद्राणीपुढें उभी राहते आणि हिंडल्या मुलुखांचें वर्णन करूं लागते. पण ते मुलूख युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका! समुद्र, नद्या, पर्वत, शहरें यांची ती यादी सांगते, आणि पृथ्वी सूर्याभोवतीं फिरते हेंही देवांच्या राणीला ऐकविते. भूगोलाचा धडा नाचत गात शिकवावयाचा, आणि तो भटक्या बाईच्या तोंडून! शाळा, रंगभूमि आणि ज्योतिष हे तीन छंद एकमेकांत असे मिसळून गेले आहेत कीं, त्यांतला कोणता खरा आणि कोणता फावल्या वेळचा, हें निवडतां येत नाहीं. अनेक छंद असणें निराळें, आणि त्यांचा एकमेकांशीं संवाद चालू असणें निराळें. राजांच्या हातून जें उत्तम झालें तें या संवादांतून झालें.

याच राजांनीं १८०३ सालीं बृहदीश्वराच्या मंदिरांत, भिंतीवर, भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठींत कोरवून घेतला. इतका लांब शिलालेख हिंदुस्थानांत दुसरा क्वचितच असेल. राज्य गेल्यावर चौथ्या वर्षीं हें काम झालें, ही तारीख बोलकी आहे. कागदावरील सत्ता कंपनीच्या दप्तरांत गेली होती. दगडावरची अजून लिहितां येत होती.

पण राजे कंपनीपुढें एकाच बाबतींत ताठ उभे राहिलेले दिसतात. तंजावर प्रांतांत रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणीं छत्रें होतीं. मराठा राजांनीं व राण्यांनीं तीं बांधलेलीं. कारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांचें उत्पन्नही जाणार अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हां १८०१ च्या जानेवारींत राजांनीं एक सविस्तर पत्र लिहिलें. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत वाटेनें येणाऱ्या प्रत्येकास छत्रांत शिजलेलें अन्न मिळतें. ज्यांना तें चालत नाहीं त्यांना शिधा दिला जातो. मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर या, अशी हांक देतात. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, पोरक्याला शाळा, आणि मेलेल्याला त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें मूठमाती. या छत्रांमुळें तंजावरच्या राज्याला धर्मराज्य म्हणतात, आणि आपल्या सर्व पदव्यांत आपणांस हीच मोलाची वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे. छत्रें राजांकडे राहिलीं. पुढें ओरत्तनाडु येथें प्रिय मुक्तांबाळच्या नांवानें त्यांनीं बांधलेल्या छत्राला शाळाही जोडली गेली. पुस्तकांत रमलेल्या माणसाला मध्यरात्रीच्या त्या घंटेचें मोल कळत होतें, ही गोष्ट त्यांच्या कीर्तींत सहसा सांगितली जात नाहीं. वास्तविक ती आधीं सांगावयास हवी.

दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. समुद्रकांठीं मल्लिपट्टणाजवळ मनोरा नांवाचा आठ मजली षट्कोनी बुरूज उभा आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १८१४-१५ च्या सुमारास सरफोजीराजांनीं तो बांधला. ज्या कंपनीनें राज्य घेतलें तिच्या राजाच्या विजयाचा स्तंभ मराठा राजानें आपल्या पैशानें बांधावा, याचें कौतुक करणें कठीण आहे. इंग्रज पाहुणे राजांची जी मनसोक्त स्तुति करीत, तिच्यांतही एक कांटा असे: विद्येंत रमलेला राजा निरुपद्रवी असतो. हें राजांना कळत नसेल असें नाहीं. परंतु त्या काळीं त्यांच्यापुढें दुसरा मार्ग कोणता होता? १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि बाजीरावसाहेब आठ लक्षांची नेमणूक घेऊन बिठुरास गेले. तेथें ते १८५१ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षें, राहिले. सरफोजीराजेही तहानंतर जवळजवळ तितकींच वर्षें जगले. दोघांनाही पेन्शन, दोघांनाही रिकामा काळ. बिठुराहून व्रतवैकल्यें व दानदक्षिणा यांखेरीज सांगण्यासारखें फारसें मागें उरलें नाहीं. तंजावराहून काय उरलें तें वर आलेंच आहे.

१८२८ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें सरफोजीराजांना आपलें सन्माननीय सभासद करून घेतलें. ७ मार्च १८३२ रोजीं ते निवर्तले.

हेबरांच्या त्या भेटींत आणखी एक गोष्ट घडली होती. राजांच्या शेजारीं त्यांचा सतरा वर्षांचा पुत्र शिवाजी बसला होता. फिकट, प्रकृतीनें अशक्त, आणि इंग्रजी जेमतेम बोलणारा. त्याच्याकडे पाहून राजे खिन्न झाले, आणि या मुलाला शिकविण्याजोगा चांगला गुरु तंजावरांत मिळत नाहीं असें म्हणाले. ज्यानें शाळा काढल्या, छापखाना घातला, इसाप मराठींत आणला, त्याच्या तोंडचे हे उद्गार! विद्येचा एवढा पसारा मांडूनही तो घरांतील एका मुलापर्यंत पोहोंचला नव्हता. हेबरांना कींव आली. मुलाला माझ्याबरोबर द्या, कलकत्त्यास माझ्या घरीं ठेवतों, उत्तम शिक्षक लावतों, असें ते म्हणाले. राजांनीं ही सूचना आनंदानें उचलली. मुलालाही ती आवडलेली दिसली, पण तो बोलावयास कचरत होता. दुसऱ्या दिवशीं रेसिडेंटाकडून निरोप आला. राणीसाहेबांचे दोन मुलगे आधींच गेले होते. हा एकटा उरलेला, तोही दुखणाईत. तो दूर गेला तर जिवंत परत यावयाचा नाहीं, आणि त्या वियोगानें आपणही जगणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

मुलगा गेला नाहीं. तो पुढें आणखी एकोणतीस वर्षें जगला, आणि त्यांतील तेवीस वर्षें शिवाजीराजे म्हणून गादीवर बसला. १८५५ सालीं तो पुत्रावांचून वारला, तेव्हां कंपनीनें गादीच खालसा केली. मालमत्तेचे वाद पुष्कळ वर्षें चालले. त्या सर्वांतून पोथ्या व पुस्तकें कशीबशी एकत्र राहिलीं, आणि १९१८ सालीं सरस्वतीमहाल सर्वांना खुला झाला. मोडीचे रुमाल वाचणारे आतां थोडेच आहेत. डोळ्यांच्या रोग्यांचे ते कागद अलीकडच्या काळांत नेत्रवैद्यांनीं काढून तपासले, तेव्हां त्यांवरील रंग अजून ओळखूं येत होते.